सध्या काय वाचताय?

सभासद बंधू-भगिनींनो,

या पानावर शेतकी विभागाचा मजकूर आला म्हणजे बेणे, सरी, खते नाहीतर खोडव्याची निगा यांपैकीच काहीतरी असणार, हे तुम्ही धरून चालता. आज तसे नाही. आज आम्ही तुम्हाला एकच साधा प्रश्न विचारणार आहोत. सध्या काय वाचताय?

पेपर सोडून द्या. कारखान्याचा वार्षिक अहवाल, सोसायटीची नोटीस, सकाळी मोबाइलवर येणारे सुविचार, मुलांची परीक्षेची पुस्तके, हेही सोडून द्या. नुसत्या आवडीसाठी, कुणी सांगितले नसताना, तुमच्या हातात सध्या कोणते पुस्तक आहे, असे आम्ही विचारतो आहोत.

मागल्या हंगामात नोंदी घेत शिवारात फिरताना हा प्रश्न आम्ही बऱ्याच जणांना घातला. उत्तरे तीन तऱ्हेची मिळाली. पहिला हसतो आणि म्हणतो, "साहेब, थट्टा करताय व्हय आमची?" दुसरा म्हणतो, "आता कुठलं वाचन घेऊन बसलाय? शाळा सुटली तवाच ते बी सुटलं." तिसरा मात्र आधी इकडेतिकडे बघतो, आवाज जरा खाली आणतो आणि सांगतो की घरात एक कादंबरी आहे, रात्री निजण्याआधी दहा-वीस पाने होतात.

हा तिसरा माणूस प्रत्येक गावात आहे. नवल म्हणजे एका गल्लीतल्या तिसऱ्या माणसाला दुसऱ्या गल्लीतला तिसरा माणूस ठाऊक नसतो. दोघे वर्षानुवर्षे एकाच लेखकाची पुस्तके वाचतात आणि पारावर शेजारी शेजारी बसून फक्त दराच्या गप्पा मारतात. आपल्याकडे दारू पिणारा उघड्यावर पितो आणि कादंबरी वाचणारा लपून वाचतो, अशी गत झाली आहे.

आमचे म्हणणे एवढेच की वाचणाऱ्याने लपू नये. काय वाचतो ते बोलावे, दुसऱ्याला विचारावे आणि पुस्तके एकमेकांना द्यावीत. आपल्या कार्यक्षेत्रात वाचणारी माणसे अजून आहेत. पण सांगणारे कमी पडतात, आणि सांगणारे कमी पडले की पुढे वाचणारेही कमी होतात.

बांधावरची शिफारस

ऊस पिकवणाऱ्याला हे पटायला जड नाही. नवी जात गावात कशी येते ते आठवा. एके काळी ऊस म्हटला की को ७४० हेच नाव असे. को ८६०३२ ची शिफारस १९९६ साली झाली. शिफारस कागदावर होते, पण जात पसरते ती बांधावर. शेजाऱ्याच्या रानात वेगळ्या पानाचा, वेगळ्या कांडीचा ऊस दिसला की आपण गाडी उभी करतो, आत शिरतो, कांडी मोजतो आणि मालकाला गाठतो.

तिथे कुणी नुसते "चांगला आहे" म्हणून सुटत नाही. जमीन कसली? पाणी किती? लागण आडसाली का सुरू? फुटवा कसा? लोळतो का? खोडवा कसा फुटतो? एवढे विचारल्याशिवाय आपण बेणे उचलत नाही. चोपण रानात फुले २६५ तग धरतो, म्हणून तोच सगळ्यांनी सगळीकडे लावावा असे कुणी म्हणत नाही. रान बघून जात ठरते.

पुस्तकाचेही असेच आहे. "फार छान आहे, वाचा" एवढ्यावर कुणी पुस्तक उघडत नाही. ते कुणाला चालेल, कोणत्या वेळेला चालेल, हे सांगावे लागते. गुडघ्याचे ऑपरेशन होऊन दोन महिने खाटेवर असलेल्या माणसाला शिवाजी सावंतांचे 'मृत्युंजय' द्यावे. पुस्तक जाडजूड आहे, पण त्याच्यापाशी वेळ आहे. रात्रीच्या लाइटीवर पाणी पाजणाऱ्याला ते देऊन उपयोग नाही. दोन-चार सऱ्या भरेपर्यंत जेवढा वेळ मिळतो तेवढाच त्याचा. त्याला शंकर पाटलांच्या नाहीतर द. मा. मिरासदारांच्या कथा द्याव्यात. एक कथा संपली की दारे मोडायला उठायचे. हसू आले तर झोपही उडते.

एका बाबतीत तर पुस्तक बेण्याच्या पुढे आहे. एका गुंठ्याच्या बेणेमळ्यात आठ-दहा गुंठे लागण होते, हे खरे. पण दिलेले बेणे आपल्या रानातून जातेच. पुस्तक दहा घरे फिरून आले तरी आपल्या फळीवर पुन्हा येऊन बसते, आणि तोवर दहा घरांत ते वाचून झालेले असते.

बोलायला दुसरे काय उरले?

बेणे तीन-चार वर्षांनी बदला म्हणून आम्ही दर सभेत घसा कोरडा करतो. तेच बेणे वर्षानुवर्षे लावत गेले की उतारा घटतो. गावातल्या बोलण्याचे असेच झाले आहे. विषय मोजून तीन: उसाचा दर, निवडणूक आणि बांधाची भांडणे. दराबद्दल बोलायलाच हवे, तो तुमच्या घामाचा प्रश्न आहे. पण या तिन्ही विषयांत माणूस कुठल्यातरी बाजूला असतो. एकदा पॅनेल ठरले की समोरच्या पॅनेलच्या माणसाबरोबर चहा पितानाही शब्द मोजून बोलावा लागतो. घरात बाप-लेकाचे बोलणे बिल, हप्ता आणि ट्रॅक्टरचे डिझेल एवढ्यावर आले आहे. ज्यात कुणाचे काही जात नाही, असे बोलणेच कमी झाले.

आमच्या एका गटात दोन सभासद आहेत. पाइपलाइनवरून दोघांचा सात-आठ वर्षे अबोला आहे, आणि तो आजही आहे. खोटे कशाला सांगा! पण दोघांनीही विश्वास पाटलांची 'पानिपत' कादंबरी दोन-दोनदा वाचलेली. एकदा दोघेही एकाच वेळी गट ऑफिसला आले. आमच्या स्लिपबॉयला काय वाटले कोण जाणे, त्याने भाऊसाहेबांचे पानिपतावर चुकले कुठे, असा विषय काढला. पुढचा तासभर दोघेही तोंड स्लिपबॉयकडे करून एकमेकांशी वाद घालत होते. "ह्यांना म्हणावं, होळकरांचं काय ते बी सांगा." "त्यांना सांग, आधी पान उलटा, मग बोला." स्लिपबॉय बिचारा मधल्यामध्ये माना डोलावत होता.

पाइपलाइनचा प्रश्न त्याने सुटला नाही. पुस्तकाने भांडणे मिटतात असा आमचा दावाही नाही. पण सात-आठ वर्षांत ते दोघे तासभर एका खोलीत बसले ते त्याच दिवशी. आम्हाला एवढे पुरे आहे.

आपल्याकडे हे नवे नाही

काही जण म्हणतील, पुस्तकांची देवघेव हे शहरातल्या लोकांचे चोचले आहेत. तसे नाही. चातुर्मासात देवळात पोथी लागत असे, काही गावांत आजही लागते. श्रीधरस्वामींचा 'पांडवप्रताप' नाहीतर 'हरिविजय'. वाचणारा एक, ऐकणारी सगळी आळी, आणि ऐकणाऱ्यांत कित्येकांना अक्षरओळख नसे. अभिमन्यूचे पुढे काय होते हे प्रत्येकाला ठाऊक होते, तरी त्या रात्री माणसे जेवण लवकर उरकून येत. पुण्यासाठी येत हे खरेच. पण गोष्टीसाठीही येत, आणि दुसऱ्या दिवशी खुरपताना त्याच गोष्टीवर बोलत.

दुसरे उदाहरण बहिणाबाई चौधरींचे घ्या. जळगावकडच्या शेतकरी घरातल्या बाई. लिहिता-वाचता येत नव्हते. घरात, शेतात, जात्यावर काम करता करता त्यांनी गाणी रचली. ती गाणी घरातल्या माणसांनी उतरवून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई वारल्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघाले. आज शाळेतल्या मुलालाही बहिणाबाई ठाऊक आहेत. एका माणसाने दुसऱ्याला "हे जरा बघा" म्हणून वही पुढे केली, म्हणून हे झाले. मुलगा संकोचून गप्प बसला असता तर ती गाणी घरातल्या घरात राहिली असती.

तिसरे उदाहरण दिवाळी अंकांचे. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तिथून ही परंपरा सुरू झाली. आपला बॉयलर पेटतो आणि दिवाळी अंक बाजारात येतात, दोन्हीचा सुमार एकच. पूर्वी गावात शिक्षकाकडे नाहीतर पोस्टमास्तरांकडे एखादा अंक येई आणि संक्रांतीपर्यंत आठ-दहा घरे फिरून, मुखपृष्ठ गमावून, परत मालकाकडे पोचे. फाटलेला अंक बघून मालकाला राग येत नसे. किती जणांनी वाचला त्याची ती पावती होती.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला आणि त्यानंतर खेडोपाडी वाचनालये निघाली. त्यांतली काही चांगली चालतात. काही ठिकाणी मात्र बोर्ड आहे, कपाट आहे, आणि किल्ली कुणाकडे आहे ते चौकशी केल्यावर कळते. सगळा दोष ग्रंथपालावर टाकून भागणार नाही. त्याचे मानधन तुटपुंजे असते, आणि कपाट उघडा म्हणणारा कुणी यावा तर लागतो. दुकान गिऱ्हाइकाने चालते.

सातारा जिल्ह्यात पाचगणीजवळचे भिलार आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचे गाव. ४ मे २०१७ पासून ते 'पुस्तकांचे गाव' म्हणून ओळखले जाते. लोकांनी आपल्या राहत्या घरातल्या खोल्या पुस्तकांसाठी दिल्या. कुणाच्या घरी कादंबऱ्या, कुणाच्या घरी कविता, कुणाच्या घरी मुलांची पुस्तके. तिथे सरकारचे पाठबळ होते, तेवढे आपल्याकडे नाही. पण शेतकऱ्याच्या ओसरीवर पुस्तके शोभतात, हे त्या गावाने दाखवले.

हरकती आणि उत्तरे

पहिली हरकत ठरलेली आहे. "साहेब, वाचून काय टनेज वाढतंय व्हय?" नाही वाढत. आम्ही ऊस विकासाचे काम करतो, तेव्हा हे आमच्याकडूनच ऐका. कादंबरी वाचून एकरी एक किलोही ऊस वाढत नाही. पण भजनाला बसल्याने वाढतो काय? कुस्तीच्या फडावर दिवस घालवल्याने वाढतो काय? शर्यतीची बैले बघितल्याने वाढतो काय? तिथे कुणी टनेज विचारत नाही, आणि विचारूही नये. मग पुस्तकालाच काटा का लावायचा? बारा-अठरा महिने एका पिकामागे राबणाऱ्या माणसाला, ज्याचा हिशेब द्यावा लागत नाही असा अर्धा तास मिळाला पाहिजे.

याच कारणाने आमची एक विनंती आहे. कुणी पुस्तक वाचले असे सांगितले की "मग त्यातून काय घेतलं?" असे विचारू नये. मुलांना तर मुळीच विचारू नये. आंबा खाल्ल्यावर आपण कोयीचा अहवाल मागत नाही. "कुठल्या जागी मजा आली?" असे विचारावे. माणूस खुलतो.

दुसरी हरकत वेळेची. ही निम्मी खरी आहे. लागणीच्या आणि तोडीच्या दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नसते. पण मोठी बांधणी झाली, ऊस झाकून आला, की रानात शिरायला वाटच राहत नाही, आणि वर पाऊस लागलेला असतो. तेव्हाचे तास कुठे जातात ते ज्याचे त्याने बघावे. यार्डात नंबर लावून गाडी उभी केल्यावर चार-चार तास मोबाइलवर बोट फिरवणारे आम्ही रोज बघतो. आम्ही मोबाइलच्या विरोधात नाही. हल्ली मोबाइलवरच पुस्तके वाचता येतात, ऐकताही येतात, आणि डोळ्याला कमी दिसणाऱ्यांना त्याचा मोठाच आधार आहे. पण बोट फिरवून उठलेला माणूस काय बघितले ते सांगू शकत नाही, हेही आम्ही रोज बघतो.

तिसरी हरकत पैशाची. नवी कादंबरी घ्यायची तर तीन-चारशे रुपये जातात आणि ते थोडे नाहीत. पण सहकार आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको. सहा जणांनी वर्षाला एकेक पुस्तक घेतले आणि फिरवले, तर एकाच्या पैशात प्रत्येकाची सहा पुस्तके होतात. यात ना व्याज, ना जामीनदार.

चौथी हरकत खरी आहे: दिलेले पुस्तक परत येत नाही. त्याला उपाय वहीत नाव लिहून देणे हाच. कटर, फवारणीचा पंप, पाइपचे बेंड आपण लिहून देतो. पुस्तक देताना मात्र भिडेपोटी लिहीत नाही आणि मग वर्षभर मनात धरतो. लिहावे. नाव लिहून घेतल्याने कुणाचा अपमान होत नाही.

घरातली वाचणारी

आता एक गोष्ट जरा स्पष्ट बोलतो. आपल्या गावांतले सर्वांत जास्त शिकलेले आणि सर्वांत कमी विचारले गेलेले वाचक तुमच्या घरातच आहेत. बारावी, बी. ए. झालेल्या मुली लग्न होऊन आपल्या घरांत येतात. त्यांची पुस्तके माहेरी ट्रंकेत राहतात. सासरी कुणी वाचू नको म्हणतो असे नाही. कुणी काही विचारतच नाही, एवढेच. चार-पाच वर्षांत सवय मोडते.

एका घरी नोंदीची दुरुस्ती करायला गेलो असता, कोनाड्यात पिठाच्या डब्यामागे लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' दिसले. कुणाचे म्हणून विचारले. सासूबाई म्हणाल्या, "सुनेचं हाय. वाचती कवातरी." सून दारात उभी होती. कुठवर आलंय, असे आम्ही तिला विचारले. पहिल्यांदा ती नुसती लाजली. मग लक्ष्मीबाईंचे सासरे कसे विक्षिप्त होते आणि घरातल्यांची कशी तारांबळ उडे, ते सांगू लागली. सांगता सांगता तिला हसू आवरेना. सासूबाई आधी लक्ष नसल्यासारखे दाखवत होत्या. मग म्हणाल्या, "अगं, मग मला का न्हाई सांगितलंस हे?" सून म्हणाली, "तुम्ही विचारलं कधी?"

यात कुणी कुणाला बोलले नाही. दोघीही हसत होत्या. पण ते उत्तर आम्हा पुरुषांनाही लागू आहे. लक्ष्मीबाईंना स्वतःला शाळा मिळाली नव्हती, लग्नानंतर त्या वाचायला शिकल्या, आणि मराठीतले एक फार मोठे आत्मचरित्र त्यांच्या हातून झाले. तेव्हा सभासद बंधूंनो, आज रात्री जेवताना घरात हा प्रश्न विचारून बघा. पुस्तक आणून देणे ही पुढची गोष्ट. आधी विचारा तर.

आमच्या खात्यात काय वाचतात

दुसऱ्याला विचारायचे तर आपले आधी सांगावे. आमच्या शेतकी विभागात सध्या पुढील वाचन चालू आहे.

ऊस विकास अधिकाऱ्यांच्या पिशवीत 'पाडस' आहे. रॉलिंग्ज या अमेरिकन बाईंच्या कादंबरीचा राम पटवर्धनांनी केलेला हा अनुवाद. अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या जंगलातले एक गरीब शेतकरी कुटुंब. मुलगा एक हरणाचे पाडस पाळतो. पाडस मोठे होते आणि घराच्या तोंडचे पीक खाऊ लागते. पुढे काय होते ते आम्ही सांगणार नाही. ज्यांच्या उसात रानडुकरे शिरतात आणि ज्यांच्या घरात जनावरांना नावाने हाक मारतात, त्या सर्वांना हे पुस्तक चालेल. अस्वलाच्या शिकारीची प्रकरणे जरा लांब आहेत, घाई असणाऱ्याला कंटाळा येईल. पण शेवटची पाने एकट्याने वाचावीत.

आमच्या एका गट अधिकाऱ्यांनी आनंद यादवांची 'गोतावळा' संपवली. १९७१ सालची कादंबरी. मळ्यावर राबणारा नारबा नावाचा गडी, त्याचा जनावरांवरचा जीव, आणि मळ्यात येणारा ट्रॅक्टर. सगळी कादंबरी कोल्हापूरकडच्या बोलीत आहे. पुण्या-मुंबईकडच्या वाचकाला अडखळायला होईल, आपल्याला होणार नाही. ज्यांनी दावणीची शेवटची बैलजोडी विकताना तोंड फिरवले, त्यांनी ही वाचावी. ट्रॅक्टर घेतल्याचा पश्चात्ताप होत नाही, पण काय गेले ते कळते.

दुसऱ्या गटात अण्णाभाऊ साठ्यांची 'फकिरा' फिरते आहे. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ शाळेत जेमतेम दीड दिवस गेले असे सांगतात, आणि त्यांनी १९५९ साली ही कादंबरी दिली. हातात घेतली की खाली ठेववत नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी तोड असेल तर आदल्या रात्री सुरू करू नये.

तरुण सभासदांना, विशेषतः ज्यांना कथा-कादंबरी म्हणजे डोकेदुखी वाटते त्यांना, व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' सुचवतो. दोन रात्रींत होते. एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, एवढीच गोष्ट. वाक्ये लहान, शब्द आपलेच.

आमचे टाइमकीपर मात्र बाबूराव अर्नाळकरांच्या जुन्या रहस्यकथांखेरीज काही वाचत नाहीत. त्यावरून त्यांची चेष्टा होते, ती आम्हाला पसंत नाही. आवडीच्या वाचनात हलके-भारी असे वजन करू नये. माणूस रहस्यकथेने वाचायला लागतो आणि कुठे जाईल ते सांगता येत नाही. नाही गेला कुठे, तरी त्याची रात्र चांगली गेली.

करायचे काय

लेख वाचून मान डोलावली आणि अंक फळीवर टाकला, असे होऊ नये म्हणून एक छोटी योजना मांडतो. यासाठी संचालक मंडळाकडे एक पैसा मागायचा नाही.

प्रत्येक गट ऑफिसला आम्ही एक दोनशेपानी वही ठेवतो आहोत. नोंदीला, स्लिपला, खताच्या परमिटला तुम्ही येताच. आलात की वहीत चार गोष्टी लिहायच्या: नाव व गाव, सध्या काय वाचतो, ते कुणाला आवडेल, आणि पुस्तक द्यायची तयारी आहे का. दोन ओळी पुरेत. अक्षर चांगले नसले तर स्लिपबॉयला सांगा, तो लिहील. पुस्तक अर्ध्यावर सोडले असेल तर तेही लिहा, आणि का सोडले ते लिहा. एका जातीचा ऊस एखाद्याच्या रानात आला नाही, हे कळणेही शेजाऱ्याच्या उपयोगाचे असते. वहीतल्या निवडक नोंदी पुढल्या अंकापासून याच पानावर अर्धा रकाना देऊन छापाव्यात, अशी संपादकांना आमची विनंती आहे.

स्त्री-सभासदांनी आणि सभासदांच्या घरातल्या बायकांनी ऑफिसला यायची वाट बघू नये. आमचा माणूस बांधावर आणि दारात येतोच, त्याच्याजवळ चिठ्ठी द्यावी.

आणखी एक. हंगामात तोडणीच्या टोळ्या आपल्या रानाशेजारी कोप्या घालून राहतात. पहाटे कोयता घेऊन आई-बाप फडात जातात आणि मुले मागे राहतात. आपल्या मुलांची वाचून झालेली चित्रांची, गोष्टींची पुस्तके रद्दीत किलोवर जातात. ती आमच्याकडे द्या, आम्ही कोप्यांवर पोचवू. परत येतील अशी अपेक्षा धरू नका. ज्या गावी ती मुले मार्च-एप्रिलमध्ये परत जातील, त्या गावी पुस्तकेही जाऊ देत.

एवढ्याने गावे बदलतील असे आम्ही म्हणत नाही. दोन गल्ल्यांतल्या दोन माणसांना एकमेकांचा पत्ता लागेल, एखाद्या घरात जेवताना हप्त्याखेरीज दुसरा विषय निघेल, एखाद्या कपाटाची किल्ली सापडेल. सुरुवातीला एवढे झाले तरी खूप झाले.

'पाडस'ची आमची चाळीस-एक पाने राहिली आहेत. येत्या बाजाराच्या दिवशी ते गट ऑफिसच्या टेबलावर वहीशेजारी ठेवलेले असेल. जो पहिला येईल त्याने न्यावे, वहीत नाव लिहावे, आणि येताना आपल्या घरचे एक घेऊन यावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी
शेतकी विभाग